तीन प्रौढ व एक पिल्लू

काकूंच्या परवान्यावर दोन लाल शेरे होते आणि तिसरा लिहायचा अधिकार असलेला माणूस रविवारी सकाळी त्यांच्याच बोटीत बसून लाइफ जॅकेटचा पट्टा भलत्याच बकलात अडकवत होता. तिसरा शेरा पडला की परवाना रद्द. मग बोट किनाऱ्यावर उपडी आणि काकू दिवसभर घरी, सुनेच्या हाताखाली. यातलं पहिलं त्यांनी एकवेळ सहन केलं असतं.

दोन्ही शेरे एकाच गुन्ह्याचे होते: डॉल्फिनच्या पन्नास मीटरच्या आत बोट नेली. काकूंनी दोन्ही वेळा घसा फोडून सांगितलं होतं, "अहो, मी नाही गेले, ते आले!" कार्यालयातले लोक हसले. पाकीट आपणहून माझ्या खिशात आलं असं सांगणाऱ्याला हसावं, तसे हसले. खरं तर इंजिनाच्या पंख्यानं पाठ चिरलेला एक डॉल्फिन काकूंनी फार वर्षांपूर्वी पाहिला होता आणि तेव्हापासून, म्हणजे नियम निघायच्या कितीतरी आधीपासून, त्या अंतर ठेवूनच बोट चालवायच्या. त्या हसण्याचं त्यांना शेऱ्यांपेक्षा जास्त लागलं होतं.

निरीक्षकसाहेब माणूस वाईट नव्हता. डॉल्फिन बघायला जाणाऱ्या बोटींसाठी सतरा नियमांची पुस्तिका त्यांनीच लिहिली होती आणि अगदी कळकळीनं लिहिली होती. फक्त डॉल्फिन तेवढा त्यांनी अजून पाहिला नव्हता. पाहणीला निघालोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "मीपण येते." साहेबांच्या सासूबाईंना कोणी विचारलंच नव्हतं. त्या सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसल्या होत्या.

"काकू, मी बोटीत नाहीच असं समजा," साहेब म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या.

अर्ध्या तासानं लांब पाण्यावर एक काळी पाठ चमकली. काकूंनी लगेच वेग कमी केला. साहेबांनी अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं.

"एकशे दहा मीटर. छान. इथेच थांबा."

"इथून काय दिसणार, कपाळ?" सासूबाई म्हणाल्या. "घे गं बाई जरा पुढे."

"नाही हो आजी, इथूनच बघायचं," म्हणत काकूंनी इंजिन बंद केलं.

"नव्वद," साहेब म्हणाले. "सत्तर... काकू, बोट थांबवा म्हटलं ना!"

"थांबलीच आहे साहेब."

"मग आकडा का कमी होतोय?"

"तेच तर दोन वर्षं सांगतेय मी."

साहेबांनी यंत्र झटकलं, पुसलं, पुन्हा लावलं. "चाळीस! अहो, मागे घ्या, मागे!"

"नियम सात, साहेब. पन्नास मीटरच्या आत डॉल्फिन असेल तर इंजिन चालू करायचं नाही."

नियम सात साहेबांचा स्वतःचा आवडता होता. थोड्या वेळानं त्यांनी यंत्र खाली ठेवलं, कारण डॉल्फिन आता बोटीला टेकून पोहत होते. तीन मोठे आणि एक पिल्लू. पिल्लानं आडवं होऊन एका डोळ्यानं साहेबांकडे टक लावून पाहिलं. साहेबांनी हातातली वही नकळत मिटली. इतका आनंद त्यांना बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

"अहो, तुमचे डोळे भरून आलेत," बायको म्हणाली.

"वारा आहे," साहेब म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

सगळं कसं झकास चाललं होतं. मग काकूंनी घड्याळ पाहिलं.

"साहेब, वीस मिनिटं झाली. नियम अकरा. डॉल्फिनजवळ वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही."

"मग निघूया की."

"निघू कशी? नियम सात."

"वल्ही मारा."

"नियम नऊ. पाण्यात कोणतीही वस्तू घालू नये."

"अहो, ते लोक बिस्किटं टाकतात म्हणून लिहिलं होतं मी!"

"तसं लिहिलेलं नाही साहेब. कोणतीही वस्तू, असं लिहिलंय."

सासूबाई पुढे सरसावल्या. "एवढं काय त्यात? दोन टाळ्या वाजवते, जातील पळून."

"नियम चार!" साहेब आणि काकू एकदमच ओरडले, आणि तोही नियम चारचा भंगच होता.

अजून वीस मिनिटं गेली. सासूबाई लेकीच्या कानात काहीतरी बोलल्या. लेक नवऱ्याच्या कानात बोलली. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"काकू, बोटीत ती... सोय वगैरे?"

"एवढ्याशा बोटीत कसली सोय? धक्क्यावर आहे."

"जावईबापू," सासूबाई गुडघे जुळवून म्हणाल्या, "सतरा नियमांत याचा एखादा असेल ना?"

साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. रविवारी उचलला गेला हेच नशीब. साहेबांनी सगळी अडचण क्रमवार सांगितली.

"हे नियम लिहिले कोणी?" वरिष्ठांनी विचारलं.

"मीच, सर."

"मग मला काय विचारताय?" फोन बंद झाला.

एव्हाना तास झाला होता. सासूबाई डोळे मिटून नामस्मरण करत होत्या. साहेबांनी सासूबाईंची अवस्था पाहिली आणि मनाचा हिय्या केला. "काकू, करा इंजिन चालू. मी सांगतोय."

काकूंनी मागे वाकून पाहिलं. पिल्लू नेमकं पंख्यापाशी घुटमळत होतं.

"नाही करणार," त्या म्हणाल्या. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. "वीस मिनिटांचा नियम मोडलाय ना मी? लिहा तुमचा तिसरा शेरा. परवाना गेला तर जाऊ दे. पण ते पोर तिथं असताना पंखा फिरवायचा नाही."



"बरोबर बोलतेय ती," शेवटी सासूबाई दात आवळून म्हणाल्या. "मी थांबते."

आणि थांबल्या. आणखी चाळीस मिनिटांनी डॉल्फिनना स्वतःलाच कंटाळा आला आणि ते निघून गेले. परतीच्या वाटेवर "जोरात घे" याशिवाय कोणी शब्द काढला नाही. धक्क्याला बोट लागताच सासूबाई वयाला न शोभणाऱ्या वेगानं गेल्या.

काकूंनी परवान्याचं पुस्तक आपणहून पुढे केलं. साहेबांनी खिशातून लाल पेन काढलं आणि बराच वेळ लिहिलं. काकूंना तिकडे बघवेना. पुस्तक तसंच मिटून त्यांनी घरी नेलं आणि सुनेपुढे टाकलं. "वाच बाई. एकदाचं ऐकू दे."

सुनेनं वाचलं. आधीचे दोन्ही शेरे खोडले होते. खाली लिहिलं होतं: 'पन्नास मीटर व वीस मिनिटे या दोन्ही नियमांचा भंग झाला. बोट जागेवर उभी होती. भंगास जबाबदार: तीन प्रौढ व एक पिल्लू.'

काकू मटकन खाली बसल्या आणि हमसून रडल्या. सुनेनं न सांगता चहा टाकला.

पंधरा दिवसांनी साहेब स्वतः धक्क्यावर आले. हातात पाकीट होतं आणि कान लाल झाले होते.

"काकू, जरा घोळ झालाय. वरिष्ठांनी माझा त्या दिवसाचा अहवाल न वाचताच कारवाईचा आदेश दिला. आता ही नोटीस निघालीय."

काकूंनी चष्मा लावला. 'नियमभंग करणाऱ्या चौघांनी (तीन प्रौढ व एक पिल्लू) सात दिवसांत लेखी खुलासा करावा. नोटीस संबंधित बोटचालकामार्फत बजावून पोचसही कार्यालयास सादर करावी.' खाली गोल शिक्का, वरिष्ठांची सही.

काकूंनी ती दोनदा वाचली. "म्हणजे ते आले, मी गेले नाही, हे कार्यालयानं सही-शिक्क्यानिशी मान्य केलं?"

"तसंच म्हणायचं."

"मग ही मी कोणाला देत नाही. चौकट करून बोटीतच लावते."

"अहो, पण पोचसही?"

"या ना रविवारी, तुम्हीच घ्या," काकू दोर सोडत म्हणाल्या. "आपण काही जायचं नाही हं साहेब. ते येतील."