शोचूच्या बरणीतून धाकट्या सेनापतीची सुटका

कामिसावा गावीं तोकुजिरो हुजुरांच्या परसांत जें रण माजलें, त्याची हकीकत बाळगोपाळांनी सावध चित्तें ऐकावी, आणि साप दिसतांच काठी उचलूं नये, हातही घालूं नये, दुरून नीट पाहावें.

हुजुरांस गुडघेदुखीची व्याधी, आणि त्या मुलखाचा रिवाज ऐसा कीं, मामुशी नामें जहरी सर्प जिता धरून शोचू दारूंत बुडवावा आणि ती दारू औषध म्हणून प्यावी. मग मुळ्याच्या वाफ्यांत हातभर लांबीचा, तपकिरी पट्ट्यांचा गनीम नजरेस पडला, आणि हुजुरांनी रबरी बूट चढवून, टोपलीची ढाल करून, चिमट्यानिशीं हल्ला केला, आणि गनिमास काचेच्या बरणींत जेरबंद केलें. मग शेजारी तामाकिची हे शोचूची बाटली घेऊन दाखल जाहले, आणि बूच निघालें, आणि आतां ओतणार, तोंच हुजुरांच्या कारभारीण तोयोनोबाई बरणीस नाक लावून उभ्या राहिल्या.

"थांबा भाऊजी. अहो, चष्मा लावा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. बाहुली कशी आहे?"

"गोल आहे."

"मामुशीची मांजरासारखी उभी असते. अंगावर गोल ठसे असतात, असे शिडीसारखे आडवे पट्टे नसतात. हे आओदायशोचं पिल्लू आहे. भेदरलंय म्हणून मामुशीचं सोंग घेतंय. लग्नाआधी तुम्ही नाही का शूराचं घेतलं होतं?"

आओदायशो म्हणजे निळा-हिरवा सेनापती. यास विष नाहीं, आणि थोर जाहला म्हणजे पुरुषभर लांब व शेवाळी हिरवा होतो, आणि भिंती चढून भाताच्या कोठारांतील उंदरांची फौज गिळतो, म्हणून जाणते लोक त्यास घराचा राखणदार मानितात. ऐशास दारूंत बुडविणें म्हणजे आपलाच किल्लेदार आपणच मारणें. हुजुरांनी गुडघ्याची सबब पुढें केली. बाईंनी हुकूम फर्माविला कीं, गुडघ्यास गरम पाण्याचा शेक, आणि सेनापतीस कोठाराची सुभेदारी.

मग हुजुरांनी स्वहस्तें बरणी कोठाराच्या दारीं आडवी केली, आणि सेनापति बाहेर येतांच त्यांनी प्रेमभरें त्यास उचलिलें, आणि त्यानें शेपटाखालून हुजुरांच्या अंगावर ऐसा दर्प सोडिला कीं, शेजारी तामाकिची हे बाटलीनिशीं कुंपणापार पळाले, आणि सेनापति डौलानें तांदळाच्या पोत्यांमागें रवाना जाहला.

सेनापतीच्या एका खवल्यासही धक्का नाहीं. हुजुरांचें जेवण मात्र बाईंनी अंगणांत धाडिलें. ऐसी थोर फत्ते जाहली.