सैल पँटची साक्ष

कंबर: सुरुवातीची

डबा करपला तेव्हा टाचणी कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या आखूड करत बसली होती.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, गल्लीनं ठेवलेलं. ती घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. दिवसभर तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे ती बोलायची कमी आणि बोलायची ती दातांच्या फटीतून. नवरा तिला नुसतं 'अगं' म्हणायचा. तो सरकारी वजनमापे तपासनीस होता. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासायचे, खरा निघाला तर सील ठोकायचं, खोटा निघाला तर उचलून न्यायचा. मोजलेल्या, सीलबंद गोष्टीवर त्याचा विश्वास होता. बाकी जगावर त्याची नजर होती.

बायकोच्या स्वयंपाकाबद्दल तो लग्नापासून एकच वाक्य बोलत आला होता. "मीठ कमी आहे." मीठ कमी नसेल त्या दिवशी तो काहीच बोलत नसे. तीच शाबासकी समजायची, असं टाचणीनं स्वतःला शिकवलं होतं.

अशा माणसानं आहार संशोधन केंद्राची जाहिरात वाचली. स्वयंसेवक हवे होते. दोन्ही वेळचं जेवण केंद्रातून येणार, शेवटच्या शितापर्यंत मोजलेलं, डब्यावर कागदी सील लावलेलं. ते खायचं, मधूनमधून केंद्रात जाऊन वजन आणि रक्त द्यायचं. तपासनीस प्रेमातच पडला. नाव नोंदवायला तो टाचणीलाही घेऊन गेला. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं बजावलं, "घरचं खाणं मात्र पूर्ण बंद. एक घाससुद्धा नाही. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.

इतक्या पटकन तर त्यानं लग्नालाही होकार दिला नव्हता. टाचणी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. तिनं पर्सचा बंद उघडला आणि उगाच पुन्हा लावला.

तर, पहिला डबा. सील न काढता उथळ पाण्यात ठेवून गरम करायचा, अशी सूचना होती. टाचणीनं ठेवला, बाह्या हातात घेतल्या, आणि पाणी कधी आटलं ते तिला कळलं नाही. वास आला तेव्हा धावली. डब्यात काळा थर, त्यावर आणखी एक काळा थर. नवऱ्याची कचेरी गल्लीच्या टोकाला, जेवायची वेळ झालेली.

स्वतःसाठी केलेलं तेवढं पातेल्यात होतं. लोण्यात परतलेले बटाटे, मिरपूड घातलेलं माशाचं कालवण आणि भात. तिनं वाफेच्या इस्त्रीनं कागदी सील अलगद सोडवलं, डबा घासला, पातेल्यातलं भरलं आणि सील इस्त्रीच्या टोकानं दाबून पुन्हा चिकटवलं. कॉलरमधलं अस्तर बदलताना करायची तसंच.

तो आला. हात धुतले. सीलवर अंगठा फिरवला, समाधानानं मान हलवली, डबा उघडला. पहिला घास घेतला आणि थांबला.

सगळं संपलं, असं टाचणीला वाटलं.

"अगं."

"हं."

"तुला देता येणार नाही, नियम आहे. पण काय चव आहे गं."

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यातली एक जवळजवळ घशात गेली.

"याला म्हणतात स्वयंपाक," तो बोट चाटत म्हणाला. "मोजूनमापून केला की असा होतो. अंदाजपंचे नाही."

ती मोरीजवळ जाऊन उभी राहिली. राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, त्यानं रागाला जागाच दिली नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघायचीही सोडून दिली होती ते वाक्य तिच्या कानात पडलं होतं. पत्ता तेवढा चुकीचा.

उद्या खरा डबा द्यायचा, तिनं ठरवलं.

उद्या आला. इस्त्री तापलेलीच होती. अजून एकदाच ऐकू, ती म्हणाली. स्वतःलाच.



कंबर: एक बोट जास्त

केंद्राच्या डब्यात उकडलेलं धान्य असायचं, बिनमिठाचा भोपळा, आणि एक हिरवा पदार्थ ज्याची ओळख पटत नसे. अन्न टाकणं टाचणीला जमत नव्हतं. ती ते ओट्याशी उभी राहून, औषध घ्यावं तसं गिळायची. स्वतःचं गरमागरम सगळं डब्यात जायचं.

आणि वाक्यं यायची. "आज तर कमाल आहे." "हा जो कुणी आचारी आहे ना, त्याचे हात धरून बघायला हवेत." एकदा नुसतंच डोळे मिटून, "अहाहा." टाचणी मशीनवर बसून पायानं चाक फिरवत राहायची. सुईत दोरा नसायचा.

मग वरच्या मजल्यावरची नणंद आली. भावानं नियमाची पर्वा न करता तिला डब्यातला एक चमचा दिला.

नणंदेनं तो जिभेवर घोळवला. "दादा, हे केंद्रातलं?"

"केंद्रातलं."

"वहिनी, रागावू नका हं, पण जरा जाऊन शिकून या तिथे. फुकट शिकवतील."

टाचणीच्या हातातली कात्री थांबली. ज्या नणंदेनं तिचं हेच कालवण कित्येकदा अर्धं टाकून उठावं, तीच आता चमचा चाटत होती.

"त्यात काय घातलंय, वन्सं?" तिनं विचारलं.

"ते तुमच्याने नाही व्हायचं, वहिनी. त्याला हात लागतो."

टाचणीनं आपल्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा कापड कापायला घेतलं, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी झग्याला नको तिथे काप गेला.



कंबर: सांगण्यासारखी नाही

"अगं, ही पँट घट्ट का झाली?"

"धुतल्यानं."

"आटली?"

"आटली."

"सगळ्याच?"

"साबण बदललाय."

तो कचेरीत गेल्यावर तिनं सगळ्या पँटी ओळीनं काढल्या. मागची शिवण उसवली, आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडली, दुहेरी दोऱ्यानं पुन्हा घातली. धांदलीत एक अंदाज जरा जास्तच झाला. दुसऱ्या दिवशी तो आरशासमोर उभा राहिला आणि त्यानं कमरेत अंगठा घालून दाखवला.

"बघितलंस? सैल. याला म्हणतात शास्त्रशुद्ध आहार."

"दिसतंय."

"तूही जरा कमी खात जा. किती..." त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि वाक्य अडकलं. "हा झगा कुणाचा आहे?"

"माझाच."

"मग असा लोंबतोय का?"

"साबण," टाचणी म्हणाली. त्याच साबणानं एक कपडा आटतो आणि दुसरा कसा सैल होतो, हे त्यानं विचारलं नाही. तो पुन्हा आरशात बघत होता.



केंद्रातले प्रश्न, आणि तिला सुचलेली उत्तरं

फोन आहारतज्ज्ञ मुलीचा होता. आवाज दबका.

"ताई, ते घरी दुसरं काही खातात का?"

"नाही." (खरंच नाही. सगळं डब्यातलंच.)

"चोरून?"

"ते कशाला चोरतील." (चोर दुसराच आहे.)

"बाकी सगळ्यांचं वजन उतरलंय, यांचं चढलंय. रक्तातली चरबी तर... आणि सगळे स्वयंसेवक चवीला शिव्या घालतात, दोघेतिघे सोडून गेले. हे एकटेच दर वेळी आचाऱ्याला नमस्कार सांगतात. मोठे डॉक्टर मला म्हणतात की मीच डबे बदलले असणार. ताई, माझी नोकरी जाईल हो."

टाचणीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या कानालाही तेच ऐकू आलं.



कंबर: वादग्रस्त

तपासनिसाला केंद्रानं बोलावलं आणि सांगितलं की तुमचं वजन वाढलंय. तो हसला. मग हसायचा थांबला आणि ताठ झाला.

"तुमचा काटा खोटा आहे."

घरी आला तो पेटूनच. प्रमाणित वजनांच्या पेट्या काढल्या, सील ठोकायची पक्कड घेतली, मदतीला कचेरीतला शिपाई. "चल," तो टाचणीला म्हणाला.

"मी कशाला?"

"साक्षीदार. पँट तू शिवलीस."

टाचणीनं हातातलं काम खाली ठेवलं. टेप गळ्यातच राहिली होती, तशीच ती निघाली.

केंद्राच्या तपासणीखोलीत मोठे डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते. भिंतीला टेकून आहारतज्ज्ञ मुलगी, तिचे डोळे सुजलेले. तपासनिसानं कुणाकडे न बघता काट्यावर एकेक वजन ठेवलं. काटा वाकला, स्थिरावला. त्यानं वाचलं. वजनं उतरवून पुन्हा ठेवली. पुन्हा वाचलं. काट्याखाली वाकून बघितलं, फरशी समतल आहे का तेही तपासलं.

"बरोबर आहे," तो अखेर म्हणाला. आवाज खोल गेला होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा काटा खरा निघाल्याचं त्याला वाईट वाटलं असावं.

"म्हणजे काटा खरा," डॉक्टर म्हणाले. "स्वयंपाकघर मी स्वतः तपासलंय. मग राहिलं एकच. डबे आमच्या या बाईंनी बदलले." आणि त्या मुलीकडे वळून, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मुलीनं गळ्यातलं ओळखपत्र काढायला घेतलं, ते केसांत अडकलं.

"थांबा," तपासनीस म्हणाला. "काटा खरा असेल, पण पँटही खरी आहे. ही बघा, सैल. हिलाच विचारा, हिनं शिवलीय. अगं, सांग यांना. माझ्या कमरेचं माप काय?"

सगळे टाचणीकडे बघू लागले. तिनं सवयीनं तोंडातल्या टाचण्या चाचपल्या. आज त्या नव्हत्या. गप्प बसायला काहीच कारण उरलं नव्हतं.

एक शब्द बोलला की ते 'अहाहा' कायमचं गेलं, हे तिला कळत होतं. त्या मुलीच्या केसांत ओळखपत्राची साखळी अजून अडकलेली होती.

"कुठल्या महिन्यातलं सांगू?" टाचणी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची कंबर तीन वेळा सोडलीय मी. आत हात घालून बघा, मागे. दुहेरी दोरा आहे."

त्यानं हात घातला. खोट्या सीलवर आयुष्यभर फिरलेला त्याचा अंगठा शिवणीवरून फिरला आणि थबकला. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मग तिनं सगळं सांगितलं. करपलेला डबा, इस्त्री, सील, बटाटे. थांबलीच नाही. नणंदेचा चमचासुद्धा सांगितला. तिचं संपलं तेव्हा शिपायाचं तोंड उघडंच होतं, मोठ्या डॉक्टरांची हाताची घडी सुटली होती, आणि ती मुलगी भिंत सोडून सरळ उभी राहिली होती.

तपासनीस खुर्चीवर बसला. जमिनीवरची वजनं तो एकेक करून पेटीत ठेवू लागला.

"म्हणजे ते सगळं," तो म्हणाला, "तू केलेलं?"

"हो."

"ते कालवण?"

"हो."

"त्या दिवशीचे बटाटेसुद्धा?"

"हो."

आता तो काय म्हणेल ते खऱ्या पत्त्यावर येणार होतं.

"तरीच," तपासनीस म्हणाला.

"तरीच काय?"

"मीठ जरा कमी असायचं."



कंबर: तिची

पहिले भानावर आले ते मोठे डॉक्टर. "बाई, मग आमचे डबे कुणी खाल्ले?"

"मी. टाकवत नाही हो."

"दोन्ही वेळचे? रोज?"

"ओट्याशी उभी राहून."

डॉक्टरांनी तिच्या लोंबणाऱ्या झग्याकडे बघितलं. मग त्या मुलीकडे. मुलीनं न सांगता काट्याकडे हात केला. टाचणी नुकत्याच खऱ्या ठरलेल्या काट्यावर उभी राहिली. मग तिचं रक्त घेतलं. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला, तसा अहवाल त्यांच्या सगळ्या स्वयंसेवकांत कुणाचाच नव्हता. नियमानं नवऱ्याचं नाव कमी झालं. मुलीची नोकरी राहिली, आणि नव्या तुकडीत पहिलं नाव तिनं स्वतःच्या हातानं टाचणीचं घातलं.

"ताई, घरचं खाणं मात्र पूर्ण बंद. चव बघायला जिभेवर थेंबसुद्धा नाही. जमेल?"

"जमेल," टाचणी म्हणाली. तपासनीस शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

आता डबे तिच्यासाठी येतात, आणि त्याचं त्यालाच करून घ्यावं लागतं. घरात एक छोटा काटा आलाय. बटाटे मोजून, लोणी मोजून, मिरपूड कागदावर घेऊन मोजून. पहिले काही दिवस तो मुकाट्यानं करपलेलं खात होता. मग एका दुपारी स्वयंपाकघरातून चांगला वास आला. मशीनवर बसलेल्या टाचणीचा पाय थांबला.

तो पळी घेऊन बाहेर आला, पळीखाली हात धरून. कपाळावर घाम, शर्टावर पीठ.

"अगं, बघ ना जरा. कसं झालंय?"

"चालत नाही मला."

"एवढंसं. जिभेच्या टोकाला."

"नियम आहे."

"वास तरी घे."

"विचारावं लागेल केंद्रात."

तो पळी घेऊन तसाच उभा राहिला. कालवण निवत चाललं होतं. वरच्या मजल्यावर नणंद होती, पण ती आता त्या घरातलं काहीच चाखायला तयार नव्हती.

"निदान मीठ," तो म्हणाला. हळू, जवळजवळ विनवल्यासारखं. "मीठ बरोबर आहे का, एवढंच सांग."

टाचणीनं दोन टाचण्या तोंडात धरल्या आणि चाक फिरवलं.

"तुमच्याकडे काटा आहे ना," ती दातांच्या फटीतून म्हणाली.