राज्यात पहिली, गावात कितवी?

बॅनर कसा करावा, हे अख्ख्या भिवंडी तालुक्यानं माझ्याकडून शिकावं! वळ गावच्या शाळेत मी मास्तर, पण गावातला एकही वाढदिवस माझ्या बॅनरशिवाय पार पडलेला नाही. त्यामुळे आमच्या गावच्या करिष्मानं बॉक्सिंगमध्ये राज्याचं सुवर्णपदक मारलं, तेव्हा सत्काराचा बॅनर माझ्याकडेच आला.

तिची आई ठकुबाई म्हणाली, "मास्तर, माज्या पोरीचा फोटू लांबून दिसला पायजे. बस!"

"मावशी, शब्द दिला!" मी छाती ठोकून सांगितलं.

सत्कार समितीपुढे मी नमुना ठेवला. करिष्मा मधोमध, सगळ्यात वर! अध्यक्ष केसरीनाथशेठनी चष्मा पुसला.

"राज्यात पयली हाय, कबूल. पन गावात कितवी?"

"शेठ, सत्कारच तिचा आहे!"

"म्हनून वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर बसवाची?"

ती खाली आली. लगेच उपसरपंच लडकू उखडले. "मी तीन निवडनुका मारल्यात! तिनं फायटी किती मारल्या?"

"नऊ."

"आन् हारली किती?"

"एकही नाही."

"मंग अनुभव कमी हाय!"

ती आणखी खाली सरकली. मग मंडपवाले आले, जेवणवाले आले, हारवाल्यांचे मेहुणे आले. रिंगणात जिला कुणी पाडू शकलं नाही, तिला आम्ही अर्ध्या तासात सतराव्या नंबरावर आणलं!

वरच्या मोकळ्या जागेवरून मात्र शेठ आणि लडकू हातघाईवर आले. तिथे कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस हवा होता. म्हणजे अर्थात मी! दोघांनाही पटलं आणि त्या दोघांच्या मधोमध माझा फोटो बसला.

सत्काराच्या दिवशी बॅनर झोकात लागला. फक्त खालची रांग स्टेजवरच्या टेबलामागे गेली. ठकुबाई पहिल्या खुर्चीवरून मान उंच करकरून बघत होती.

"मास्तर, माजी पोर कुठं हाय?"

"टेबलामागे," मी पुटपुटलो. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

करिष्मानं ते ऐकलं. टुणकन टेबलावर चढली, पदक सरळ केलं आणि बॅनरला पाठ लावून उभी राहिली.

"आये, दिसते का आता?"

"दिसते गो बाय!" ठकुबाईनं पदर डोळ्याला लावला. मंडपात शिट्ट्यांचा नुसता पाऊस!

तेव्हा कुणीतरी काढलेला फोटो आता ग्रामपंचायतीत लागलाय. डावीकडे शेठ, उजवीकडे लडकू, मधोमध चॅम्पियन. आणि तिच्या डोक्यामागून दोन कान बाहेर आलेत ना, ते माझे!