उसने कांदे

गेल्या दिवाळीनंतर आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा आमचा राहिला नाही. शेजारच्या जिनगोंडाआप्पांनी तो घेतला. विचारून घेतला म्हणा, पण आप्पांचं विचारणं म्हणजे पिशवी आत ठेवून झाल्यावर, "ठेवू न्हवं गं आक्का?"

पिशवीत ट्युलिपचे कांदे होते. हे थंड मुलखातलं फूल. त्याचा कांदा दोन-तीन महिने गारठ्यात झोपला तरच पुढं फुलतो, आणि आमच्या निपाणीत कसला आलाय तसला गारठा, म्हणून फ्रिज. आता आप्पांच्या घरी फ्रिज आहे, माझ्याहून मोठा आहे. पण आप्पा पक्के जैन. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काही त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मी म्हटलं, "अहो, हा फुलाचा कांदा. खायचा कुठं आहे?"

"फुलाचा असला म्हणून काय झालं? नाव काय त्याचं? कांदाच न्हवं?"

मी कप्प्यातली भाजी वर सरकवली.

आप्पा जन्मभर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. तुळशीपलीकडं एक रोप कधी लावलेलं नाही. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून पंडित झालेले. रोज सकाळी येऊन आमचा फ्रिज उघडणार. सफरचंद दिसलं की बाहेर. "त्याच्या वासानं आतलं फूल मरतंय." केळी बाहेर. आमच्या ह्यांनी गुपचूप ठेवलेले चिकूसुद्धा बाहेर. वीज गेली की दारात हजर, "कुणी फ्रिज उघडू नगा रं." आणि मी म्हटलं, आता लावून टाका एकदाचे, तर "तडी, तडी." कानडीत तडी म्हणजे थांब. वखारीत हमालांना म्हणायची सवय, ती आता आम्हाला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पद्मासाठी. ही त्यांची एकुलती एक लेक, कॅनडात असते. तिनं उचगावच्या मराठ्याच्या पोराशी लग्न केलं. म्हणजे आमच्यातल्या, कांदा-लसूण आणि मटणही खाणाऱ्या घरात गेली. आप्पा लग्नाला गेले नाहीत. बोलणंही टाकलं. पद्माची आई, आमच्या काकी, होत्या तोवर त्यांच्या फोनवरून खुशाली कानावर पडायची. काकी गेल्या आणि तेही संपलं. मग गेल्या दिवाळीच्या तोंडावर पद्मानं तिकडं घर घेतलं, दारापुढं मातीचा तुकडा मिळाला. तिनं धीर करून बापाला फोन लावला, आणि बोलायचं काय ते सुचेना म्हणून विचारलं, "आप्पा, बर्फ पडायच्या आधी फुलांचे कांदे पुरतात म्हणे. कसे लावू?"

आप्पांना काय ठाऊक? पण ठाऊक नाही म्हटलं असतं तर फोन तिथंच संपला असता. म्हणाले, "बघून सांगतो." तेव्हापासून दर रविवारी फोन. टोक वर, बूड खाली. कांद्याच्या उंचीच्या तिप्पट खोल. पाणी तुंबू द्यायचं न्हाय. बस्स. जावयाचं नाव नाही, तुझं कसं चाललंय नाही. कांद्यांवरचं बोलणं आटपलं की दोघंही गप्प. ते आटपू नये म्हणूनच आप्पांनी इकडं स्वतःचे कांदे मागवले, हे मला कळत होतं.

जानेवारीत त्यांनी ते कुंडीत लावले. कुंडी अर्थात उंबऱ्याबाहेर. कोंब आले. दर रविवारी आप्पा फोन कुंडीपुढं धरायचे. एकदा मी सहज जवळ गेले आणि बघतच राहिले. ट्युलिपचं पान रुंद असतं, आप्पांनीच व्हिडिओत दाखवलं होतं. इथं गोल, पोकळ नळ्या. एक चुरगळून वास घेतला, तर चक्क खायचा कांदा.

घरी येऊन सासूबाईंना गाठलं. "फ्रिजमधल्या पिशवीतले कांदे तुम्ही घेतलासा काय?"

"व्हय. पिठल्याला कांदा नव्हता, पिशवीतले होते तेवढे सगळे चिरले. लई कडू लागलं मेलं, टाकून दिलं. पण बाजारातनं तेवढेच आणून भरून ठेवले की परत. उसनं दाबून ठेवणारी बाई न्हाय मी."

घ्या. शेजाऱ्याची वाटी भरून परत द्यायची, ही आमच्या गल्लीची रीत, ती त्यांनी चोख पाळली. आणि उभ्या जन्मात कांदा हातात न धरलेल्या आप्पांना फरक काय कळणार?

सांगावं, तर जैनाच्या दारात तुळशीशेजारी कांदा, आणि रविवारचा फोन बंद. न सांगावं, तर पद्मा आज ना उद्या ओळखणार. ती हसली तर आप्पा पुन्हा तोंड बघणार नाहीत तिचं. हसणं त्यांना सोसत नाही. तो आठवडा मला घास गोड लागला नाही.

रविवारी मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. आप्पांनी फोन कुंडीपुढं धरला. "कशी हाय गं पात?"

पद्मा बघत राहिली. तिला कळलं होतं. "छान आहे, आप्पा," ती हळूच म्हणाली. मी श्वास सोडणार, तोच तिच्या मागून जाणाऱ्या जावयानं वाकून बघितलं.

"आयला, हा तर कांदा."

पद्माचा चेहरा पांढराफटक पडला. आप्पा कुंडीकडं बघत बसले. मी कशीबशी पिठल्याची आणि उसन्याची हकीकत सांगितली आणि पातीला हात घातला. "आप्पा, मी उपटून नेते. माती बदलून देते."

त्यांनी माझा हात धरला. "उपटू नगं. रुजलंय ते. उपटलं की जीव जातोय."

मग त्यांनी फोन कुंडीवरून उचलला आणि स्वतःच्या तोंडापुढं धरला.

"जावईबापू, तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले. ह्याला फूल येतंय काय?"

पलीकडून जावयाचा आवाज आला, "येतं की, आप्पा. पांढरं येतं."

"मग सांगा. पाणी किती घालू?"