फ्लॉवरचं सूतक

घराचा आहार माझ्या हाती असता, तर आमच्यातल्या कोणी दवाखान्याची पायरी चढलीच नसती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो!

झालं असं, की आमच्या कारखान्यात एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली नावाचा परदेशी हिरवा फ्लॉवर, हे खाल्लं की आतडी, हाडं, रक्त सगळं ठणठणीत राहतं म्हणाले. बाकीचे चहाची वाट बघत होते. मी मात्र भारावलो. पुढच्याच रविवारी आमच्या नलूचा साखरपुडा होता. मुरबे गावचं स्थळ, मुलगा नलूला मनापासून आवडलेला. व्याह्यांसमोर बापही तजेलदार दिसायला नको का? तसाच बोईसरच्या बाजारात गेलो आणि ब्रोकोली मागितली. भाजीवाल्याने विचारलं, "वो कौनसी कंपनी में बनता है?" शेवटी पिशवीभर कोबी-फ्लॉवर घेऊन घरी आलो आणि जाहीर केलं, आजपासून मासळी बंद!

बायको हंसा सातपाटीच्या कोळीवाड्यातली. मी होडी विकायला काढल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. लोकांना काय सांगू, असं तिने विचारलं. लोकांचा काय संबंध, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साखरबाई नेहमीसारखी मुरब्याहून मासळीची टोपली घेऊन दारात आली. हंसाने तिला परत पाठवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. ना श्रावण, ना उपवास, आणि कोळ्याच्या घरात मासळी नको! साखरबाई खोदून खोदून विचारायला लागली. नवरा पाला खातो हे कोळणीला सांगायची हंसाला लाज वाटली. खाली मान घालून ती एवढंच म्हणाली, "आमच्यात सध्या चालत नाय."

आमच्यात मासळी चालेनाशी होते ती घरातलं माणूस गेल्यावर. साखरबाईने डोळ्यांना पदर लावला, टोपली उचलली, आणि संध्याकाळपर्यंत आमचं सूतक मुरब्यात पोचलं.

शनिवारी सकाळी माझे व्याही दामू दोन भाऊबंदांना घेऊन आले. भिंतीला टेकून बसले. चहा घेईनात, वर बघेनात. देण्याघेण्यावरून काही बिनसलं असेल म्हणून मी लगबगीने फ्लॉवरची भाजी पुढे केली. ती बघून तिघांनी मोठा उसासा सोडला.

"झालं ते झालं," दामू म्हणाले. "साखरपुडा वर्सभर पुडं ढकलू. सुतकात कसा करायचा?"

आतल्या खोलीत नलूच्या हातातलं भांडं पडलं. "कोण गेलं?" मी विचारलं.

"तेच आमी इचारायला आलोय."

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर, आतडी, जीवनसत्त्वं. ऐकता ऐकता दामूंचा चेहरा आणखीच पडला.

"म्हंजे डाक्टरनं मासळी सोडवली. आजार काय हाय? पोरीलाबी हाय का?"

त्यापेक्षा सूतक परवडलं! ते वर्षाने तरी सरलं असतं, हा आजार पोरीला जन्माचा चिकटत होता. तेवढ्यात नलू लाल डोळ्यांनी बाहेर आली. "बाबा," ती म्हणाली, "मासळी खा."

हंसा केव्हाच साखरबाईला बोलावून आली होती. बोंबील तळले, पापलेटं तळली, आणि तिघा पाहुण्यांसमोर मी जेवायला बसलो. दामू माझ्या घशाकडे बघत होते, साखरबाई उंबऱ्यावरून आणखी वाढायला सांगत होती. इतक्या दिवसांच्या कोबीनंतर तो पहिला बोंबील जिभेवर आला आणि माझ्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. तिखट लागलं म्हणून सांगितलं. मी दुसरं पापलेट काट्यापर्यंत साफ केलं, तेव्हा कुठे दामूंनी हात धुतले आणि स्वतःसाठी ताट मागितलं.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला, लग्नही झालं. नलू सासरी खूश आहे. परवा तिने तिथे हौसेने फ्लॉवर केला. भाजीचा वास शेजारी गेला, तशी शेजारीण दाराशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कदी गेला गं तुजा बाप?"