सहाशे बारा शोकसंदेश

पंतोजी नावाचा पोपट मंगळवारी सकाळी साडेदहाला जनावरांच्या दवाखान्यात वारला. वय वर्षं एकोणतीस. त्याच्या मालकीणबाई छापखान्यात मुद्रितशोधक होत्या, आता निवृत्त. त्याला रुमालात गुंडाळून त्या बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कंपाउंडरनं पाणी आणून दिलं. उठताना बाई म्हणाल्या, “सकाळी इकडे निघालो तेव्हा पिंजऱ्यातून म्हणाला हो, दार लाव. तेवढंच शेवटचं बोलला.”

कंपाउंडर मनाचा हळवा. हे शेवटचे शब्द कुठेतरी लिहून ठेवले पाहिजेत असं त्याला फार वाटलं, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

दवाखान्याची वेबसाइट त्यानं स्वतः बनवली होती. डॉक्टरबाई म्हणत होत्या, बाहेरून करून घेऊ. हा म्हणाला, “मी शिकतो ना. त्यात काय एवढं?” मग शेहेचाळिसाव्या वर्षी तो इंटरनेटवरच्या एका मंचावर जाऊन नवशिक्यांचे प्रश्न विचारू लागला. ओळीच्या शेवटी सेमीकोलन दिलाच पाहिजे का? व्हेरिएबलच्या आधी डॉलरचं चिन्ह कशाला? अवतरण एकेरी द्यायचं की दुहेरी? उत्तरं देणारा एक ‘जुनंखोड’ या नावानं लिहायचा. तो कोण, कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं. पण तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचा आणि प्रत्येक उत्तरात विचारणाऱ्याला थोडं टोचायचा.

एकदा कंपाउंडरनं वेबसाइटची अख्खी स्क्रिप्ट तिथे दाखवली. जुनंखोडनं लिहिलं, “माणसानं टाइप केलेला मजकूर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकुमात, असा सरळ चिकटवू नका. त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि मजकूर डेटाबेसला वेगळा पाठवा. नाहीतर मजकुरातलं एखादं अवतरण तुमचं वाक्य मध्येच संपवेल.”

कंपाउंडरनं उत्तर दिलं, “पण इथे टाइप करणारा मी एकटाच आहे.”

“म्हणूनच सांगतोय,” जुनंखोड म्हणाला.

कंपाउंडरला ते लागलं. त्यानं स्क्रिप्ट होती तशीच ठेवली.

तर त्या मंगळवारी त्यानं पंतोजीची नोंद उघडली, स्थिती ‘मृत’ केली आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, जाताना म्हणाला, दार लाव. ‘दार’च्या आधी त्यानं दुहेरी अवतरण दिलं. ‘लाव’च्या नंतर शिफ्टवरचं बोट निसटलं आणि एकेरी पडलं. पुढे दोन आडव्या रेघा मारून त्यानं लिहिलं, बाई जवळच होत्या. मग डोळे पुसून बटण दाबलं.

आता स्क्रिप्टनं सगळा शेरा एकेरी अवतरणात गुंडाळलेला होता. त्यामुळे ‘लाव’पाशी डेटाबेसच्या लेखी शेरा संपला. दोन आडव्या रेघा म्हणजे डेटाबेसच्या भाषेत ‘यापुढचं वाचू नकोस’. आणि यापुढेच तर ‘फक्त या पोपटाच्या ओळीत’ असं लिहिलेलं होतं. ते डेटाबेसनं वाचलंच नाही. स्थिती मृत, अखेरचे शब्द हे, एवढा हुकूम त्याच्यापर्यंत पोचला. कोण मेलं, ते राहूनच गेलं. पडद्यावर उमटलं, ‘६१२ नोंदी बदलल्या.’ कंपाउंडरनं आकडा पाहिला, पण तेवढ्यात एका शेळीनं औषधांच्या यादीला तोंड लावलं आणि तो तिकडे धावला.

स्थिती मृत झाली की मालकाला आपोआप शोकसंदेश जाई, शेऱ्यासकट. ती सोयही त्यानंच केली होती. पाच मिनिटांत सहाशे बारा घरांत कळलं, की आपलं लाडकं जनावर गेलं आणि जाताना म्हणालं, दार लाव.

पहिला फोन शिंप्याचा. “अहो, आमची मांजर माझ्या मांडीवर बसलीय.”

“मग चांगलंय की,” कंपाउंडर म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

दुसरा एका बाईचा, कचेरीतून. “आमचे हे घरी ढसाढसा रडताहेत. कुत्रा त्यांचं तोंड चाटतोय, तरी यांचा विश्वास मेसेजवरच! तुम्ही त्यांना सांगा काहीतरी.”

तिसऱ्यानं अगदी शांतपणे विचारलं, “आमचा मासा नेमकं काय म्हणाला म्हणता?”

चौथ्या बाईंनी फोन केलाच नाही. त्यांची कुत्री आत ऑपरेशनच्या टेबलावर होती. त्या थेट दारातून हंबरडा फोडत आल्या, तेव्हा हातमोज्यांसकट डॉक्टरबाईंना बाहेर यावं लागलं. “श्वास चाललाय तिचा. या, काचेतून बघा,” असं त्यांनी तीनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, “मग हे लिहिलंय कुणी?” डॉक्टरबाईंनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर एका तांबड्या कुत्र्याला टोचायला वाकला होता. त्या कुत्र्याच्या शेऱ्यात ‘चावतो, आधी तोंड बांधा’ असं होतं. आता तिथे ‘दार लाव’ होतं. कुत्रा चावला.

“दुरुस्त करा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

जुन्या नोंदींची प्रत ठेवलेली नव्हती. ती कशी ठेवायची हा कंपाउंडरचा पुढचा प्रश्न असणार होता. एका हाताला पट्टी बांधून दुसऱ्या हातानं टाइप करत त्यानं विचार केला, सगळे मेलेत, तर सगळ्यांनाच जिवंत करू. या वेळी अवतरणं चारदा तपासली. क्वेरी निर्दोष होती. सहाशे बारा जण जिवंत झाले आणि सहाशे बारा घरी संदेश गेला, ‘आपलं लाडकं जनावर सुखरूप आहे. आधीचा संदेश चुकून गेला. लशीसाठी जरूर घेऊन यावं.’

दहा मिनिटं फोन वाजला नाही. मग वाजला.

“बंड्या कुठाय?” एक घोगरा आवाज म्हणाला.

“कोण बंड्या?”

“माझा कुत्रा. तीन वर्षांपूर्वी तुमच्यासमोर गेला. तुम्हीच त्याचे पाय धरले होते. आता लिहिताय सुखरूप आहे, लशीला आणा. कुठून आणू, सांगा ना.”

जे आज मेले नव्हते त्यांची काळजी कंपाउंडरनं घेतली होती. जे खरोखर गेले होते, ते त्याच्या ध्यानातच राहिले नव्हते.

डॉक्टरबाईंनी कपाटातून स्वतःची जाड वही काढली. गेलेल्या प्रत्येक जनावराची नोंद त्या आपल्या हातानं करत. चार वर्षांत अडतीस. पंतोजीच्या ओळीची शाई अजून ताजी होती.

“फोन करू का सगळ्यांना?” कंपाउंडरनं विचारलं.

“फोन नाही. जायचं. एकेकाच्या घरी. ज्याची चूक त्यानं समोर उभं राहून सांगायची.”

पहिलं घर मुद्रितशोधक बाईंचंच. त्यांच्या नखांत माती होती. कंपाउंडरनं तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं खोटं आहे ते. तरी पुरलेलं उकरून बघितलं.” मग त्यांनी विचारलं, “चूक नेमकी काय झाली?”

त्यानं सांगितलं. उघडताना दुहेरी, मिटताना एकेरी.

बाईंनी चष्मा काढला. “तीस वर्षं या चुका शोधल्या मी. खिळे जुळवणारे जुळारी म्हणायचे, बाई, अवतरणानं काय कुणी मरतंय का?” त्यांचे ओठ थरथरले. हसू की रडू हे कंपाउंडरला कळेना, आणि बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. “बसा,” त्या म्हणाल्या. “तो आणखी काय काय बोलायचा ते सांगते. ते लिहा.”

पुढचे नऊ दिवस तो दवाखाना सुटला की घरं करत राहिला. शिव्या खायची तयारी ठेवून जायचा. दोन घरी खाल्ल्याही. बाकीच्यांनी आत बोलावलं, जुने फोटो दाखवले, सशाला दाराची घंटा कशी कळायची, बंड्या कुणाच्या ताटातलं कसं पळवायचा, ते सांगितलं. मेलेल्या जनावराबद्दल इतक्या दिवसांनी कुणी विचारायला आलं याचंच त्यांना अप्रूप होतं. घरी बायको रोज विचारायची, “आज कोण?” तो गहिवरून सांगायचा. ती म्हणायची, “यातले निम्मे तुम्हाला चावलेत.”

त्याच दिवसांत त्यानं स्क्रिप्टही बदलली. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह, मजकूर वेगळा. मंचावर कबुलीजबाब लिहिला. जुनंखोडनं त्याला पहिल्यांदाच न टोचता लिहिलं, “माझ्या हातून एकदा अख्खी शाळा नापास झाली होती.”

अडतिसावं घर घड्याळजीचं. बोक्याचं नाव फौजदार, जाऊन दोन वर्षं झालेली. कंपाउंडरनं मान खाली घालून सुरुवात केली, “गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी आमच्याकडून आपल्याला जो संदेश आला…”

“आला ना!” घड्याळजी उठून उभेच राहिले. “शेवटी ऐकलंत म्हणायचं. दोन वर्षं तुम्ही लशीची आठवण पाठवत नाही. दोनदा चिठ्ठी टाकली दवाखान्यात. तो शेजारचा बोका गेला हो, गाडीखाली. आणला मी होता, म्हणून माझ्या नावावर लिहिलात.”

घड्याळांच्या मधून एक जाडजूड करडा बोका उतरला, कंपाउंडरची पट्टी हुंगून पुन्हा वर जाऊन बसला. सहाशे बारा संदेशांपैकी हा एक असा होता, की त्यासाठी कुणी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरनं हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी वही काढली. फौजदारची ओळ सापडली. अक्षर टपोरं, वळणदार, त्यांचंच. ओळ त्यांनी दोनदा वाचली. बाहेर बाकावर चार जनावरं आणि त्यांची माणसं ताटकळत होती.

“मी जाऊन सांगितलंय त्यांना,” कंपाउंडर घाईनं म्हणाला. “ते रागावलेले नाहीत. कॉम्प्युटरवर आता बरोबर आहे.”

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं, एप्रन काढून खुंटीला अडकवला.

“पत्ता द्या,” त्या म्हणाल्या. “आणि बाहेर सांगा, बाई अर्ध्या तासात येतील.”