वॉलीबुवांची दबकी बारी

वॉली स्वतःबद्दल बोलताना कधी 'मी' म्हणत नसे. "वॉलीनं एकाहत्तर साली दोनशे मैल ट्रक हाकला आणि बैलांच्या बाजारात गायला," असं तो सांगायचा, जणू वॉली नावाचा कुणी थोर पुरुष होऊन गेला आणि हा बिचारा त्याचा चरित्रकार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आपला विचारून बसलो, "हा वॉली म्हणजे तुमचे वडील का?" त्यानं माझ्याकडं अशी कीव करून पाहिलं की ज्याचं नाव ते.

हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. साडेसहा फूट उंची, वाळलेल्या मिरचीच्या रंगाचे केस आणि डोक्यावर घरातसुद्धा टोपी. पोटासाठी आखातात शुऐबाच्या बंदरात क्रेन चालवायचा, पण व्यवसाय विचारला की सांगायचा गायक. त्यांच्याकडं गुराख्यांची, मेंढपाळांची, ट्रकवाल्यांची गाणी म्हणतात, त्यातला. क्रेन चालवणाऱ्या गोऱ्या माणसानं आम्हां गरिबांच्या हवल्ली वस्तीत कशाला राहावं, असं तुम्हाला वाटेल. तर कंपनीनं त्याला समुद्राजवळ चांगलं घर दिलं होतं. शेजाऱ्यांनी गाण्यापायी हाकललं. मग दुसरं दिलं, तिथूनही हाकललं. शेवटी तो आमच्या डोक्यावर येऊन पडला, म्हणजे अक्षरशः वरच्या मजल्यावर.

मी तेव्हा जाब्रियाच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचो आणि कोकणातल्या चार सुतार-गवंड्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहायचो. चौघांचे पुढारी परबदादा, हाडाचे सुतार आणि गावाकडं नावाजलेले भजनीबुवा. मी नुसता फोटो काढणारा माणूस, पण ते मला 'डॉक्टरानू' म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही, फुकटचा मान कोण सोडतो?

शुक्रवारी आमची सुट्टी. जरा उशिरा उठावं म्हटलं तर वरून वॉली सुरू. त्याच्या गाण्यांत तीनच गोष्टी घडत. कुत्रा मरायचा, ट्रक बंद पडायचा, नाहीतर बायको निघून जायची. एका गाण्यात तिन्ही एकाच दिवशी. मी तणतणत वर गेलो तर त्यानं मला बसवून घेतलं, काळा चहा पाजला आणि थोर वॉलीचं चरित्र ऐकवलं.

अकराव्या वर्षी वॉलीनं पहिलं गाणं बांधलं, अर्थात कुत्रा मेल्यावर. पुढं बेफाम बैलांवर बसायच्या खेळांबरोबर गावोगाव हिंडला. एक बैल जाऊन दुसरा येईपर्यंत लोकांनी उठून जाऊ नये म्हणून वॉली गायचा. एकदा एक बैल कुंपण मोडून त्याच्यासमोर आला आणि गाणं संपेपर्यंत हलला नाही. "वॉलीचा पहिला जाणकार श्रोता!" वॉली अभिमानानं म्हणाला. तिकडं एका गावात दरवर्षी अशा गायकांची जत्रा भरते, तिथं त्याला एकदा तिसरं बक्षीस मिळालं होतं. गाणारे किती होते, हे मी विचारलं नाही. पदरचे पैसे घालून त्यानं चार कॅसेटी काढल्या, त्यातली खोकंभर अजून पलंगाखाली होती. बायको त्याच्या तबलजीबरोबर, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्याबरोबर, पळाली.

"वाईट झालं हो," मी म्हणालो.

"शी'ल बी राइट," तो म्हणाला. कशालाही हेच म्हणायचा, म्हणजे 'होईल सगळं ठीक'. ही 'शी' कोण देव जाणे. "वॉलीला त्यातून तीन गाणी मिळाली."

मी भांडायला गेलो होतो आणि एक कॅसेट विकत घेऊन खाली आलो. माझ्यासारखा बावळट मीच!

मग नव्वद सालचा ऑगस्ट उजाडला आणि एका सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे. आम्हां हिंदुस्थान्यांना सैनिक फारसा त्रास देत नसत, पण गोऱ्यांना शोधून शोधून पकडून नेऊ लागले. कुठं नेतात, परत सोडतात की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी आमचं दार वाजलं. दारात वॉली. माणूस जीव वाचवायला पळतो तेव्हा पासपोर्ट घेईल, कपडे घेईल. ह्यानं गिटार आणि कॅसेटींचं खोकं आणलं होतं!

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? गोरा माणूस लपवला तर आमची काय गत होईल, ह्याच्या रोज नव्या बातम्या इस्पितळात ऐकत होतो. मी परबदादांना बाजूला घेऊन म्हटलं, ह्याला दुसरीकडं कुठं पाठवू या. परबदादा माझ्यावरच उखडले. "डॉक्टरानू, काय बोलतास? बुवा आसा तो! बुवाक कोण दारातसून परत धाडतत?"

झालं. वॉलीचा वॉलीबुवा झाला आणि आत आला.

परबदादांनी दोन दिवसांत भिंतीतल्या कपाटाला आतून खोटी पाठ बसवली, मागं हा ताडमाड माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा. नियम दोनच. खिडकीजवळ जायचं नाही आणि आवाज काढायचा नाही. पहिला त्यानं निमूट पाळला. दुसऱ्यानं त्याचा जीव जायला लागला. भाजी चिरताना घशातून घुंघुं सुरू व्हायचं. न्हाणीघरात तर चक्क सूर लागायचा, की परबदादा दारावर थाप मारून ओरडायचे, "मेल्या, गप रव!" आठवडाभरात तो जेवेनासा झाला. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा, 'शी'ल बी राइट'सुद्धा बंद. हा एक तर उपाशी मरणार, नाहीतर एक दिवस बांध फुटून गाणार आणि आम्हां सगळ्यांना घेऊन जाणार, अशी माझी खात्री झाली.

औषध परबदादांनी काढलं. तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो, तिकडं भजनाची डबलबारी असते. दोन बुवा आमनेसामने बसतात, एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो गाण्यातूनच उलटवायचा. गावंच्या गावं लोटतात. परबदादांनी दुपारच्या जेवणानंतर भिंतीतला एसी फुल सोडला. तो जुना एसी असा घरघरायचा की शेजारी माणूस ओरडला तरी कळू नये. चटई अंथरली. टाळांना मोजे घातले. पखवाज म्हणून मांडीवर उशी घेतली. आणि वॉलीला समोर बसवून मला म्हणाले, "ह्येका सांगा, आवाज कुजबुजीच्या वर गेलो तर बारी हरलो."

असली बारी जगात कुठं झाली नसेल. परबदादांनी कुजबुजत रामाचा वनवास सुरू केला. मी वॉलीच्या कानात इंग्रजीत अर्थ सांगितला. त्यानं विचार करून गिटारीवरून नुसती बोटं फिरवत कुत्र्याचं गाणं टाकलं. मी ते मराठीत आणलं. परबदादा खवळले, पण कुजबुजतच. "तुमचो कुत्रो म्हातारो होवन मेलो! आमच्या रामाक चौदा वर्सां वनवास! ह्या गाणा नाय, ह्या गाऱ्हाणा आसा!" वॉलीनं उत्तरादाखल वाळवंटात तीन दिवस बंद पडलेला ट्रक काढला. परबदादांनी सीता रानात सोडली. वॉलीनं पळून गेलेली बायको काढली. इथं मात्र परबदादांनी उशीवरचा हात थांबवला आणि म्हणाले, "ह्या बरा होता."

आम्ही श्रोते, म्हणजे मी आणि बाकीचे तिघे, दोघांच्या मधोमध डोकं घालून बसायचो, कारण हातभर मागं सरकलं की काही ऐकू येत नसे. कोण जिंकला हे मी ठरवायचो आणि रोज दोघांच्याही शिव्या खायचो. वॉली जेवायला लागला. माशाची आमटी दोनदा मागून घ्यायला लागला.

ऑक्टोबरात एका दुपारी झडती आली. बुटांचा आवाज जिन्यात ऐकू आला तसा वॉली कपाटात गेला, पण गिटार चटईवर राहिली. आत आलेल्या सैनिकानं पहिलं बोट तिच्याकडंच दाखवलं. हे कुणाचं? परबदादांनी शांतपणे गिटार उचलली, तंबोऱ्यासारखी खांद्याला उभी धरली आणि तारा छेडत खड्या आवाजात अख्खा गजर सुरू केला. बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मीही बेसूर ओरडत होतो, एक डोळा कपाटावर. सैनिकांनी पाच मिनिटं सोसलं, ते कपाट उघडून बंद केलं आणि कंटाळून निघून गेले.

खोटी पाठ काढली तर वॉली घामानं निथळत होता, डोळ्यांत पाणी. मला वाटलं भीतीनं. तो परबदादांकडं बोट करून कुजबुजला, "तिसरी तार उतरलेली होती. वॉली आतून ओरडणारच होता!"

परबदादा अर्थ ऐकून म्हणाले, "सांगा तेका, पुढच्या टायमाक नीट लावन ठेव."

त्याच सुमारास सरकार आम्हां हिंदुस्थान्यांना अम्मानमार्गे घरी नेत होतं, त्यात चौघांची पाळी आली. माझं सोडा, मला इस्पितळानं थांबवून घेतलं होतं. परबदादांनी पाळी दुसऱ्याला दिली. पुन्हा आली, पुन्हा दिली. मी चिडून विचारलं, "घरी बायकोमुलं वाट बघतायत, तुम्ही इथं काय करताय?" तर म्हणाले, "बारी अर्धी रवली मां." मग त्यांच्या गावचे तिघेही हलले नाहीत. नोव्हेंबरात थंडी पडली तरी आम्ही स्वेटर घालून एसी लावायचो आणि बारी व्हायची.

डिसेंबरात रेडिओनं सांगितलं की पकडलेले, लपलेले सगळे परदेशी आता घरी जाऊ शकतात. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. वॉली मात्र खुर्चीत बसून राहिला. दोन दिवस न्हाणीघरातून सूर नाही. घुंघुंसुद्धा नाही.

निघायच्या सकाळी परबदादांनी टाळांचे मोजे काढले, एसी बंद केला आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा खिडकी सताड उघडली. "गा रे बुवा," ते म्हणाले. "आता बोंबल किती बोंबलायचा ता!"

वॉली गिटार घेऊन उभा राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मी शेवटचा कार्यक्रम केला तो एका क्लबात. अकरा माणसं होती. सगळी जेवत होती, माझ्याकडं पाठ करून. चाळीस वर्षं गातोय, पण इतक्या जवळ बसून माझं कुणी ऐकलं नव्हतं. तिकडं गेल्यावर मी जोरातच गाईन. जोरात गायलो की कुणी ऐकत नाही."

मी हे परबदादांना मराठीत सांगायला लागलो आणि पहिल्याच 'मी'वर अडलो, हा शब्द वॉलीच्या तोंडी कधी आला नव्हता. पण त्यांना कळलं असावं. त्यांनी उठून खिडकी लावली. एसी सोडला. उशी मांडीवर घेतली.

वॉली चटईवर बसला आणि कुजबुजत गायला लागला. नवीनच गाणं होतं, कपाटात उभ्या उभ्या बांधलेलं, आणि त्यात कुणी मरत नव्हतं. खाली त्याला न्यायला आलेली बस हॉर्न वाजवत होती. मला शेवटच्या ओळी नीट ऐकू येईनात, म्हणून मी परबदादांच्या खांद्यावर हात टेकून आणखी पुढं सरकलो.